३,३५,५०,३३६ : मोठी संख्या मुळापासून ओळखण्याची पद्धत

आठ-दहा अंकी कुठलीही संख्या इंटरनेटवर शोधली, तर तिच्या विशेषणांची लांबलचक यादी क्षणात मिळते. सम, संयुक्त, त्रिकोणी, हर्षद नाही, अमुक आहे, तमुक नाही. यादी बहुधा बरोबरच असते. पण ती वाचून नवख्या माणसाच्या हाती फारसं काही लागत नाही. कुठलं विशेषण कशामुळे लागलं, कुठलं दुसऱ्यातून आपोआप निघतं आणि कुठलं निव्वळ आपल्या लिहिण्याच्या पद्धतीमुळे आलं, हे यादी सांगत नाही. संख्येची खरी ओळख मात्र तिथेच होते.

म्हणून या लेखात एकच संख्या घेऊ आणि तिला पायरीपायरीने सोलत जाऊ: ३,३५,५०,३३६. तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. ती का निवडली हे सहाव्या पायरीला कळेल. गणित आठवी-नववीपर्यंतचं पुरे. वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा आणि प्रत्येक आकडेमोड स्वतः करून बघा, नुसतं वाचू नका. लिहिण्याची सोय म्हणून २ चा बारावा घात मी २^१२ असा लिहिणार आहे.

पायरी १ : संख्या नीट उतरवून घ्या

हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण मोठ्या संख्यांमधल्या निम्म्या चुका इथेच होतात. हीच संख्या परदेशी लिखाणात 'तेहेतीस मिलियन' म्हणून येते आणि तिथे स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी पडतात. आपल्याकडे उजवीकडचे तीन अंक सोडले की पुढे दोन-दोन. उतरवताना आधी सगळे स्वल्पविराम काढा, अंक मोजा (इथे आठ), मग आपल्या पद्धतीने पुन्हा घाला. ३३५५०३३६ मध्ये मधलं शून्य निसटण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्यामुळे तेवढं दोनदा तपासा.

पायरी २ : विभाज्यतेच्या कसोट्या लावा, आणि बाकीही लिहून ठेवा

शाळेत आपण कसोटी लावतो आणि 'भाग जातो' किंवा 'जात नाही' एवढंच लिहून पुढे जातो. इथे बाकीसुद्धा टिपा, कारण पुढे तीच उपयोगी पडणार आहे.

एकक स्थानी ६ आहे, म्हणजे संख्या सम, आणि ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ३+३+५+५+०+३+३+६ = २८. २८ ला ३ ने किंवा ९ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून आपल्या संख्येलाही ३ ने आणि ९ ने भागल्यावर बाकी १. अकराच्या कसोटीसाठी उजवीकडून एक सोडून एक अंक घ्या: ६+३+५+३ = १७, आणि उरलेले ३+०+५+३ = ११. फरक ६, म्हणजे ११ ने भागल्यावर बाकी ६. सातसाठी सरळ भागाकार करा, बाकी १ येते.

आता दोनच्या घातांकडे या. शेवटच्या दोन अंकांची संख्या ३६, तिला ४ ने भाग जातो. शेवटच्या तीन अंकांची ३३६, तिला ८ ने जातो. चार अंकांची ०३३६, तिला १६ ने जातो. पाच अंकांची ५०३३६ = ३२ × १५७३. दोनचा घात इतका चढत चालला असेल, तर कसोट्या बाजूला ठेवून सरळ निम्मं करत जाणं चांगलं.

पायरी ३ : निम्मं करत जा

३३५५०३३६ चं निम्मं १६७७५१६८. पुढे ८३८७५८४, ४१९३७९२, २०९६८९६, १०४८४४८, ५२४२२४, २६२११२, १३१०५६, ६५५२८, ३२७६४, १६३८२ आणि शेवटी ८१९१. इथे विषम संख्या आली, थांबायचं. मोजलं तर बरोबर बारा वेळा निम्मं झालं.

म्हणजे ३,३५,५०,३३६ = २^१२ × ८१९१ = ४०९६ × ८१९१.

या दोन अवयवांकडे जरा वेळ बघा. ४०९६ ची दुप्पट ८१९२, आणि ८१९१ तिच्याहून फक्त एकाने कमी. म्हणजे ८१९१ = २^१३ − १. हा योगायोग नाही. या संख्येत पुढे जे जे सुंदर दिसणार आहे, ते सगळं याच नात्यातून निघतं.

पायरी ४ : ८१९१ मूळ आहे का?

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. घाई करू नका.

रूढ पद्धत अशी: ९० चा वर्ग ८१००, ९१ चा ८२८१. म्हणजे ८१९१ ला १ सोडून दुसरा लहान अवयव असेल, तर त्यातला एक ९० च्या आतला मूळ अवयव असलाच पाहिजे. ९० च्या आत २ पासून ८९ पर्यंत चोवीस मूळ संख्या आहेत. चोवीस भागाकार करा, एकानेही निःशेष भाग गेला नाही तर ८१९१ मूळ. पद्धत बिनचूक आहे, पण ८१९१ ची घडण माहीत असताना एवढे कष्ट घ्यायचं कारण नाही.

समजा क ही मूळ संख्या २^१३ − १ ला भाग देते. ८१९१ विषम, म्हणून क सुद्धा विषम. भाग जातो याचा अर्थ २^१३ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. आता २, ४, ८, १६... या घातांना क ने भागत गेलात, तर बाक्या ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात, आणि एका फेरीची लांबी म्हणजे बाकी १ पहिल्यांदा जिथे येते तो घात. तेराव्या घाताला बाकी १ येते, म्हणून फेरीची लांबी १३ ला भाग देणारी हवी. १३ मूळ आहे, त्यामुळे ती लांबी १ किंवा १३. ती १ असती, तर २ लाच क ने भागून बाकी १ आली असती, जे अशक्य. म्हणून १३. दुसऱ्या बाजूला, सतराव्या शतकातल्या फर्माचं एक प्रमेय सांगतं की (क − १) व्या घातालाही बाकी १ येतेच. म्हणून १३ ने क − १ ला भाग गेला पाहिजे. क विषम असल्याने क − १ सम, म्हणजे भाग २६ ने जायला हवा.

याचा अर्थ, ८१९१ चा कुठलाही मूळ अवयव २६ च्या पटीहून एकाने मोठा असतो. ९० च्या आत अशा संख्या किती? २७, ५३, ७९. त्यातली २७ मूळ नाही. उरल्या दोन. ८१९१ ला ५३ ने भागा: ५३ × १५४ = ८१६२, बाकी २९. ७९ ने भागा: ७९ × १०३ = ८१३७, बाकी ५४. झालं, ८१९१ मूळ आहे. चोवीस भागाकारांचं काम दोन भागाकारांत आटोपलं, आणि ते का आटोपलं हेही आपल्याला ठाऊक आहे.

पडताळणीची आणखी एक रीत आहे. फ्रेंच गणिती ल्यूकाने एकोणिसाव्या शतकात मांडलेली आणि अमेरिकन गणिती लेमरने १९३० च्या सुमारास आजच्या रूपात आणलेली ही कसोटी फक्त '२ चा घात वजा १' अशाच संख्यांना चालते. ४ पासून सुरू करा. दर वेळी वर्ग करा, २ वजा करा, ८१९१ ने भागून बाकी ठेवा. बाक्या अशा येतात: ४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०. घातांक १३, म्हणून ही क्रिया ११ वेळा करायची. अकराव्या वेळी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. एकदा तरी हे हाताने करा. मधल्या बाक्यांना काहीच शिस्त दिसत नाही, आणि मग १२८ चा वर्ग १६३८४, वजा २ केले की १६३८२, म्हणजे बरोबर ८१९१ ची दुप्पट. आजही जगातल्या सगळ्यात मोठ्या ज्ञात मूळ संख्यांची अंतिम खातरजमा याच कसोटीने होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३,६२,७९,८४१ − १ ही ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची मूळ संख्याही तिच्यातून गेली आहे.

इथे नवख्यांचा एक गैरसमज दूर करतो. घातांक मूळ असला की '२ चा घात वजा १' आपोआप मूळ होते, असं नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. आणि गंमत बघा, २३ आणि ८९ दोन्ही २२ च्या पटीहून एकाने मोठे, वरच्या नियमाप्रमाणेच.

पायरी ५ : विभाजक मोजा, मग त्यांची बेरीज करा

मूळ अवयव हाती आले की विभाजक मोजणं सोपं. प्रत्येक विभाजकात २ चा घात ० ते १२ पैकी कुठलाही, म्हणजे १३ पर्याय, आणि ८१९१ असेल किंवा नसेल, हे २ पर्याय. १३ × २ = २६ विभाजक.

त्यांच्या दोन रांगा मांडा. पहिली १, २, ४, ८ पासून ४०९६ पर्यंत. दुसरी याच तेरा संख्यांची ८१९१ पट: ८१९१, १६३८२... शेवटी ३३५५०३३६. पहिल्या रांगेची बेरीज ८१९१ (दोनच्या घातांची बेरीज पुढच्या घाताहून एकाने कमी येते). दुसरीची ८१९१ × ८१९१ = ६,७०,९२,४८१. एकूण ६,७१,००,६७२.

आता आपल्या संख्येची दुप्पट करा. ६,७१,००,६७२. तंतोतंत तीच.

पायरी ६ : वर्ग ठरवा

संख्या स्वतः सोडून तिच्या बाकीच्या विभाजकांची बेरीज तिच्याहून कमी आली तर ती न्यून, जास्त आली तर विपुल, आणि बरोबर तेवढीच आली तर परिपूर्ण. आपली बेरीज ६,७१,००,६७२ − ३,३५,५०,३३६ = ३,३५,५०,३३६. म्हणजे संख्या परिपूर्ण आहे. ६, २८, ४९६ आणि ८१२८ यांच्या नंतरची, पाचवी.

चौथी चार अंकी आणि पाचवी थेट आठ अंकी, ही उडी इतिहासात फार महाग पडली. इ. स. १०० च्या सुमारास होऊन गेलेल्या निकोमाकस या ग्रीक लेखकाला पहिल्या चार ठाऊक होत्या. एक अंकी एक, दोन अंकी एक, तीन अंकी एक, चार अंकी एक, आणि शेवटचा अंक आळीपाळीने ६ व ८. हा क्रम पुढेही असाच चालेल असं पुष्कळांनी शतकानुशतकं धरून ठेवलं. तेराव्या शतकातला अरब गणिती इब्न फल्लूस याच्या यादीत पुढच्या परिपूर्ण संख्या होत्या, पण त्या युरोपात फारशा पोचल्या नाहीत. युरोपात आपली संख्या पंधराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात सापडते, आणि १५३६ साली हुडालरिकुस रेगिउस याने २०४७ चे अवयव व ८१९१ चं मूळत्व, दोन्ही छापून प्रसिद्ध केलं. पाच, सहा किंवा सात अंकी परिपूर्ण संख्या नाहीच. म्हणून नवख्यांना मी आवर्जून सांगतो: चार उदाहरणांवरून नियम बांधायचा मोह झाला, की ही संख्या आठवा.

युक्लिडने इ. स. पू. ३०० च्या सुमारास सिद्ध केलं होतं की २^न − १ मूळ असेल, तर तिला २^(न−१) ने गुणल्यावर परिपूर्ण संख्या मिळते. आपण पाचव्या पायरीत दोन रांगा मांडून केलं ते हेच. अठराव्या शतकात ऑयलरने उलट बाजूही सिद्ध केली: प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच घडणीची असते. विषम परिपूर्ण संख्या असते का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. असलीच तर ती १५०० हून जास्त अंकांची असेल, एवढं सिद्ध झालं आहे.

'मूळ असेल तर' ही अट किती नाजूक आहे ते २०४७ घेऊन बघा. १०२४ × २०४७ = २०,९६,१२८. २०४७ चे चार विभाजक १, २३, ८९ आणि २०४७, बेरीज २१६०. १०२४ च्या विभाजकांची बेरीज २०४७. गुणाकार ४४,२१,५२०. त्यातून संख्या वजा केली की २३,२५,३९२ उरतात, म्हणजे संख्येहून जास्त. परिपूर्ण व्हायच्या ऐवजी ती विपुल झाली.

परिपूर्णतेतून आणखी एक गुण फुकटात मिळतो. सगळ्या विभाजकांच्या व्यस्तांची बेरीज, म्हणजे १ + १/२ + १/४ + ... ती इथे २ येते, कारण विभाजकांच्या बेरजेला संख्येने भागलं की तीच मिळते. २६ व्यस्तांची बेरीज २, त्यांची सरासरी १/१३, आणि तिचा व्यस्त १३, पूर्णांक. ज्या संख्यांच्या बाबतीत हा व्यस्त पूर्णांक येतो त्यांना ऑयस्टिन ओरे या नॉर्वेच्या गणितीचं नाव आहे. त्याने त्या १९४८ साली अभ्यासल्या. प्रत्येक परिपूर्ण संख्या ओरे संख्या असतेच. यादीत ही दोन्ही विशेषणं वेगवेगळ्या ओळींवर दिसतील, पण दुसरं पहिल्याच्या पोटातलं आहे.

पायरी ७ : आकार बघा

४०९६ × ८१९१ हा गुणाकार ८१९१ × ८१९२ ÷ २ असा लिहा. हे १ पासून ८१९१ पर्यंतच्या बेरजेचं सूत्र. म्हणजे संख्या त्रिकोणी आहे. घडण माहीत नसलेल्या संख्येसाठी कसोटी अशी: आठपट करून १ मिळवा, पूर्ण वर्ग आला तर त्रिकोणी. इथे २६,८४,०२,६८९ येतात, म्हणजे १६३८३ चा वर्ग. शिवाय न × (२न − १) या सूत्रात न = ४०९६ घातले तर हीच संख्या मिळते, म्हणून ती षट्कोणीही आहे.

विषम संख्यांच्या घनांची बेरीज मला यात सगळ्यात आवडते. पहिल्या न विषम संख्यांच्या घनांची बेरीज न² × (२न² − १) असते. न = ६४ घ्या: ६४ चा वर्ग ४०९६, त्याच्या दुपटीतून १ गेला की ८१९१. म्हणजे १³ + ३³ + ५³ + ... + १२७³ = ३,३५,५०,३३६. धाकट्या भावंडांवर आधी करून बघा: २८ = १ + २७, आणि ४९६ = १ + २७ + १२५ + ३४३. ६ ला मात्र हे लागू होत नाही.

ती स्वतः पूर्ण वर्ग नाही. ८१९१ चा घातांक १, विषम, एवढं कारण पुरे. ५७९२ आणि ५७९३ यांच्या वर्गांच्या मधे ती बसते.

पायरी ८ : किती वर्गांची बेरीज?

प्रत्येक नैसर्गिक संख्या जास्तीत जास्त चार वर्गांच्या बेरजेने लिहिता येते, हे लाग्रांजने १७७० साली सिद्ध केलं. आपल्या संख्येला किती लागतात? ४ च्या घाताने भाग देऊन जे उरतं, त्याला ८ ने भागल्यावर बाकी ७ आली तर तीन वर्ग पुरत नाहीत, असं लजांद्रचं प्रमेय आहे. २^१२ म्हणजे ४^६, उरले ८१९१, आणि ८१९१ ला ८ ने भागून बाकी ७. म्हणून पूर्ण चार वर्ग हवेत.

ते शोधायचेही सोपे आहेत. ८१९१ = ८१०० + ८१ + ९ + १, म्हणजे ९०, ९, ३ आणि १ यांचे वर्ग. प्रत्येकाला ६४ ने गुणा: ५७६०² + ५७६² + १९२² + ६४². बेरीज करून बघा, ३,३५,५०,३३६ येते.

पायरी ९ : अंकांचे गुण, आणि देवळालीचे कापरेकर

इथपर्यंत जे पाहिलं ते संख्येचे स्वतःचे गुण. ती कुठल्याही लिपीत, कुठल्याही पायात लिहा, बदलत नाहीत. आता जे येतं ते आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून. दोन्हींची सरमिसळ करू नका, वहीत वेगळं पान घ्या. यांना दुय्यम मात्र समजू नका. या प्रांतात एका मराठी माणसाने आयुष्य घातलं आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६), जन्म डहाणूचा, व्यवसाय नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकीचा. त्यांनी व्याख्या केलेल्या संख्या आज जगभर अभ्यासल्या जातात. त्यांच्या तीन कसोट्या आपल्या संख्येला लावू.

पहिली हर्षद. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो का? बेरीज २८, जी स्वतःच परिपूर्ण संख्या आहे हे बघून मन हरखतं. पण २८ मध्ये ७ आहे, आणि ७ ने भागल्यावर बाकी १ येते हे आपण दुसऱ्या पायरीतच टिपलं होतं. म्हणून हर्षद नाही.

दुसरी स्वयंभू. एखादी संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज मिळवून दुसरी संख्या तयार होते. जी अशी कशापासूनच तयार होत नाही, ती स्वयंभू. आपल्याला अशी म संख्या शोधायची की म अधिक म च्या अंकांची बेरीज = ३३५५०३३६. आठ अंकांची बेरीज ७२ च्या वर जाणार नाही, त्यामुळे शोध मागच्या ७२ संख्यांपुरता. पण तोही कमी करता येतो. म आणि तिच्या अंकांची बेरीज, दोन्हींना ९ ने भागल्यावर एकच बाकी येते. एकूण संख्येची ९ ची बाकी १. म्हणजे अंकांच्या बेरजेची दुप्पट केली तर बाकी १ यायला हवी, आणि हे तेव्हाच होतं जेव्हा बेरजेची बाकी ५ असते. म्हणून बेरीज ५, १४, २३, ३२, ४१, ५०, ५९ किंवा ६८. आठच शक्यता. ५ वजा केले की ३३५५०३३१, अंकांची बेरीज २३, जमलं नाही. १४ वजा केले की ३३५५०३२२, पुन्हा २३. २३ वजा केले की ३३५५०३१३, बेरीज २३. जमलं! बाकीच्या पाच शक्यता तपासल्या तर एकही जुळत नाही. म्हणजे संख्या स्वयंभू नाही, आणि ती एकाच संख्येपासून, ३३५५०३१३ पासून, तयार होते.

तिसरी कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. आठ अंकी संख्येच्या वर्गाचे उजवीकडचे आठ अंक एक तुकडा, उरलेले दुसरा, आणि दोघांची बेरीज म्हणजे पुन्हा तीच संख्या, असं व्हायला हवं. सोळा अंकी वर्ग काढायला बसू नका. असं झालं तर संख्येच्या वर्गातून संख्या वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेला ९,९९,९९,९९९ ने भाग जातो, आणि म्हणून ११ नेही. ती रक्कम म्हणजे संख्या गुणिले तिच्या आधीची संख्या. आपल्या संख्येची ११ ची बाकी ६, तिच्या आधीचीची ५. दोन्हींना ११ ने भाग जात नाही, ११ मूळ आहे, म्हणून गुणाकारालाही जात नाही. कापरेकर संख्या नाही.

पायरी १० : पाया बदला

दशमानात नकार मिळाला. आता दोनच्या पायात, म्हणजे द्विमान पद्धतीत लिहून बघू. ८१९१ म्हणजे सलग तेरा एक. त्याला २^१२ ने गुणायचं म्हणजे पुढे बारा शून्यं लावायची: सलग तेरा एक आणि मग बारा शून्यं, एकूण पंचवीस अंक. दशमानात ओबडधोबड दिसणारी संख्या इथे आपली सगळी घडण उघड दाखवते.

आणि आता कापरेकरांची कसोटी द्विमानात लावा. वर्गाचे उजवीकडचे २६ द्विमान अंक वेगळे काढायचे, म्हणजे वर्गाला २^२६ ने भागून भागाकार आणि बाकी घ्यायची. भागाकार येतो १,६७,७३,१२०. बाकी येते १,६७,७७,२१६, म्हणजे २^२४. दोघांची बेरीज करा: ३,३५,५०,३३६!

द्विमानात तुकडा अशाच ठिकाणी, म्हणजे घातांकाच्या (इथे १३ च्या) दुपटीइतक्या अंकांवर पाडला तर प्रत्येक सम परिपूर्ण संख्या कापरेकरांच्या अटीत बसते. यादीत नुसतं 'कापरेकर संख्या : नाही' असं वाचून पुढे गेलेल्याला हे दिसणारच नाही.

तो १,६७,७३,१२० हा आकडा सोडून देऊ नका. आपल्या संख्येपर्यंतच्या किती संख्या तिच्याशी सहमूळ आहेत, म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या, ते मोजा. सूत्र: २^११ × ८१९० = १,६७,७३,१२०. वर्गाचा डावा तुकडा म्हणजे सहमूळ संख्यांची संख्या, उजवा म्हणजे उरलेल्यांची. युक्लिडच्या सूत्रातून दोन ओळींत हे सिद्ध होतं, ते स्वतः करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

यादीशी ताडून बघणं

एवढं झाल्यावर बाहेरची मदत जरूर घ्या. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेला पूर्णांक क्रमिकांचा, म्हणजे ठरावीक नियमाने येणाऱ्या संख्यांच्या मालिकांचा, संग्रह (OEIS) आज ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. तिथे आपली संख्या टाकली की ती ज्या ज्या क्रमिकांमध्ये येते त्या दिसतात. परिपूर्ण संख्यांची क्रमिका ए०००३९६ या क्रमांकाखाली आहे. नवं विशेषण दिसलं की आधी विचारा: हे अवयवांवरून येतं की अंकांवरून? अवयवांवरून येत असेल तर आपल्या २^१२ × ८१९१ वरून ते कागदावर काढता यायला हवं.

सरावासाठी सहावी परिपूर्ण संख्या घ्या: ८,५८,९८,६९,०५६ = २^१६ × १,३१,०७१. १,३१,०७१ = २^१७ − १, म्हणून तिचे मूळ अवयव ३४ च्या पटीहून एकाने मोठे हवेत. ३६२ च्या आत अशा मूळ संख्या चारच: १०३, १३७, २३९, ३०७. चार भागाकार करा, बाक्या अनुक्रमे ५५, ९९, ९९ आणि २८९ आल्या पाहिजेत. शेवटचा अंक पुन्हा ६, म्हणजे निकोमाकसच्या काळापासूनचा '६ आणि ८ आळीपाळीने' हा समजही इथे मोडला. मग अंकांची बेरीज करा. ती ६४ येते, म्हणजे २^६, आणि २^१६ मध्ये ती सहज बसते. पाचवी परिपूर्ण संख्या हर्षद नव्हती, सहावी आहे.